मेंदूत तार घातली ते छापता, ती किती वर्षं चालली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परत एकदा 'विचारांनी कॉम्प्युटर चालवणारा माणूस' येऊन गेला. फोटो, इलॉन मस्क, मेंदूत बसवायच्या चिपचं चित्र, आणि शेवटी ते नेहमीचं की आता लुळेपणा वगैरे इतिहासजमा होणार. लेख वाईट नव्हता, भाषा पण छान होती, पण सगळा लेख ऑपरेशनच्या दिवशी सुरू होऊन पहिल्या महिन्यातच संपला. गंमत म्हणजे या प्रकारात तेवढा भाग आता त्यातल्या त्यात सोपा राहिलाय, संशोधकांना तो जमून वीस वर्षं उलटून गेली. खरी मारामारी त्याच्या पुढची आहे, म्हणजे आत घातलेली तार दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी सिग्नल देते का, नाही दिला तर का नाही, आणि ज्याच्या डोक्यात ती आहे त्या माणसाकडे तेव्हा कोण बघतं. हे कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावली तरी चालेल, फक्त आकडे कापू नका.

माझं सगळं आयुष्य ईईजीच्या खोलीत गेलं. डोक्याला बाहेरून लीड, म्हणजे टोकाला धातूची चकती असलेल्या तारा, लावायच्या आणि मेंदूचा आलेख काढायचा, मुख्यतः फिट येणाऱ्या पेशंटचा. तिथे पहिली लढाई तेलाशी. केस धुऊन या, तेल लावू नका असं चिठ्ठीवर लिहून दिलं तरी कितीतरी पेशंट चपचपीत तेल लावून येणार, कारण मोठ्या दवाखान्यात जायचंय तर नीट आवरून गेलं पाहिजे ना. मग स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक जागा घासा, टेपने मोजून खुणा करा, पेस्ट लावा, लीड दाबून बसवा, इम्पीडन्स, म्हणजे लीड आणि कातडी यांच्यामधला विजेला होणारा अडथळा, बघा, पाच किलोओहमच्या खाली आला की पुढच्या लीडकडे. एवढं करूनही तास-दोन तासांत पेस्ट वाळते, घाम येतो, आणि एखाद्या चॅनलवर, म्हणजे एका लीडच्या नोंदीवर, रेषा अशी जाड काळी होते की नवीन लागलेला मुलगा घाबरून डॉक्टरांना हाक मारायला धावतो. अहो काही नाही, ती आपल्या भिंतीतल्या लाइटची ५० हर्ट्झची घरघर आहे, लीड सुटलीय. मेंदूचा सिग्नल कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा उरतो, मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, त्यामुळे लीड जिथे टेकलीय ती टिचभर जागा बिघडली की मशीन कितीही लाखांचं असो, कागदावर कचराच येणार. काही दिवसांचं व्हिडिओ ईईजी करायचं तर लीड कोलोडियन नावाच्या घट्ट डिंकाने चिकटवतात, तरी चार दिवसांनी डोकं इतकं खाजतं की पेशंट झोपेत एखादी उपटतोच. बाहेरून एवढंच जमतं, काही दिवस, फार तर आठवडा. महिने आणि वर्षं रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर आत जावं लागतं.

आत जायचे मार्ग बरेच आहेत पण सगळ्यात जास्त वापर झाला तो युटा अ‍ॅरेचा. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांच्या टीमने बनवलेला सिलिकॉनचा चौकोन, ४ मिलिमीटर बाय ४ मिलिमीटर, त्यावर १०० सुया, प्रत्येक साधारण दीड मिलिमीटर लांब किंवा त्याहून थोडी आखूड, दोन सुयांमध्ये ०.४ मिलिमीटर अंतर. मेंदूवर ठेवून हाताने दाबला तर मेंदू खाली दबतो आणि सुया नीट जातच नाहीत, म्हणून तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने एका फटक्यात टप्पकन आत ठोकतात. एवढा खटाटोप कशाला, तर एकेका न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या एकेका पेशीचा, आवाज ऐकायला. न्यूरॉन फायर झाला की जेमतेम एक मिलिसेकंदाचा ठोका येतो, त्याची उंची दहा-वीसपासून काहीशे मायक्रोव्होल्टपर्यंत, आणि तो वेगळा ओळखू यायला सुईचं टोक त्या पेशीच्या साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावं लागतं. ते ठोके सुटू नयेत म्हणून प्रत्येक चॅनलवर सेकंदाला ३०,००० वेळा मोजमाप घेतात. आम्ही ईईजीत २५६ नाहीतर ५१२ वेळा घेत होतो आणि त्यात खूश होतो.

तर २००४ साली अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या जॉन डोनह्यू यांच्या टीमने, ब्रेनगेट नाव त्या प्रकल्पाचं, मॅथ्यू नेगल नावाच्या तरुणाच्या मेंदूत हा अ‍ॅरे बसवला. चाकूहल्ल्यात मणका कापला जाऊन तो मानेखाली लुळा झाला होता. त्याने नुसत्या विचाराने कर्सर हलवला, टीव्ही चालवला, कृत्रिम हाताची मूठ उघडून मिटली, २००६ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, जगभर बातम्या झाल्या, आणि बातम्यांत तेव्हाही हेच होतं की आता लवकरच सगळ्यांना. २००७ मध्ये नेगल वारला. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, अटलांटाच्या फिल केनेडी नावाच्या डॉक्टरांनी बोलणं आणि हालचाल गेलेल्या एका पेशंटला अशाच प्रकारे कर्सर हलवायला लावला होता. केनेडींची युक्ती वेगळी, काचेची बारीक शंकूसारखी नळी, आत वाढ करणारं औषध, म्हणजे आजूबाजूच्या पेशींचे तंतूच वाढून नळीत शिरतात आणि मग तार जागची हलण्याचा प्रश्नच कमी. या माणसाचं डोकंही अफाट, पुढे पेशंट आणि परवानग्या मिळेनात तेव्हा २०१४ मध्ये बेलीझ देशात जाऊन स्वतःच्याच मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या तारा, बसवून घेतले. ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येत नव्हतं, मग बोलणं परत आलं, थोडंफार रेकॉर्डिंगही केलं, पण जखमच भरेना म्हणून काही आठवड्यांतच वरचा भाग काढायला लागला. मी याला शौर्य म्हणणार नाही, पण लोक किती टोकाला जातात ते कळावं म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की शरीर काय करतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको, आजूबाजूचं मांस घट्ट होतं आणि काटा त्यात कोंडला जातो. मेंदूही तेच करतो. सुई आत गेली की बारीक रक्तवाहिन्या तुटतात, सूज येते, मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी जमा होतात, मग काही आठवड्यांत अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचं वेष्टण तयार होतं, ज्याला ग्लायल स्कार म्हणतात. वेष्टणाच्या पलीकडे न्यूरॉन, अलीकडे सुई, मधलं अंतर वाढलं. शिवाय सुईजवळचे काही न्यूरॉन मरतातही. त्यात मेंदू एका जागी स्थिर नसतो, प्रत्येक ठोक्याला आणि श्वासाला तो किंचित हलतो, आणि सिलिकॉन मेंदूपेक्षा कोट्यवधी पट कडक, म्हणजे मऊ खिरीत रुतलेली सुई दिवसभर आजूबाजूला घासतच राहते. वर मेंदूभोवतीचं मिठाचं पाणी आहेच. सुयांवर पॅरिलीन नावाचं इन्सुलेशन असतं, त्याला वर्षानुवर्षांत चिरा पडतात, टोकाचा धातू झिजतो, इम्पीडन्स खालीवर होतो. एवढं सगळं शत्रुत्व असताना यातून काही वर्षं सिग्नल येतो हेच मला तरी नवल वाटतं.

आणि तरी सगळ्यात जास्त अ‍ॅरे कशाने बंद पडले असतील? २०१३ मध्ये ब्राउनच्याच लोकांनी त्यांच्या जुन्या माकडांच्या प्रयोगांचा हिशोब छापला. २७ माकडं, ७८ अ‍ॅरे. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अ‍ॅरे वर्षाच्या आत बंद पडले, आणि बंद पडायच्या कारणांत सगळ्यात मोठा गट यांत्रिक बिघाडाचा, त्यातही बहुतेक वेळा दोष कनेक्टरचा. कनेक्टर! म्हणजे कवटीवर बाहेर जो धातूचा खुंट असतो, ज्याला केबल जोडतात, तो. मेंदू राहिला बाजूला, पिना वाकल्या, ओल शिरली, जोड सुटला. हे वाचून मला मनापासून हसू आलं, कारण आमच्या खोलीतही मशीन बंद आहे म्हणून इंजिनिअरला फोन केला की निम्म्या वेळा शेवटी केबलच निघायची. त्या माकडांतला सगळ्यात टिकाऊ अ‍ॅरे साडेपाच वर्षांच्याही वर चालला, तोही त्याच डिझाइनचा, त्यामुळे टिकत नाहीच असंही म्हणता येत नाही.

माणसांत चित्र जरा बरं आहे. ब्रेनगेटच्याच एका बाईंनी, पक्षाघाताने हातपाय आणि बोलणं गेल्याला पंधराएक वर्षं झालेली, अ‍ॅरे बसवल्यावर पाच वर्षांनी रोबोटचा हात विचाराने चालवून बाटलीतली कॉफी स्वतःच्या तोंडाशी नेली आणि स्ट्रॉने प्यायली, २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं ते. व्हिडिओ बघा कधी, कॉफीपेक्षा त्यांचा चेहरा बघा. पण आतली गोष्ट अशी की पाच वर्षांत त्यांचे बरेच चॅनल कमकुवत झाले होते, तरी उरलेल्यांवर भागलं. पिट्सबर्गमध्ये नेथन कोपलँड यांना २०१५ मध्ये अ‍ॅरे बसवले, त्यांनी २०१६ मध्ये रोबोटच्या हाताने ओबामांशी शेकहँड केला, आणि पुढे कित्येक वर्षं ते लॅबमध्ये येऊन काम करत राहिलेत. ब्रेनगेटने २०२३ मध्ये सुरक्षिततेचा हिशोब दिला, १४ माणसं, सगळ्यांचे मिळून १२,२०३ दिवस, उपकरणाशी संबंधित ६८ तक्रारी, त्यातल्या ६ गंभीर, आणि सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे त्या खुंटाभोवतीची कातडी चिडणं. इन्फेक्शनमुळे मेंदूला इजा वगैरे झाली नाही. १४ माणसं हा आकडा परत वाचा. १७ वर्षांत १४. तुमची पुरवणी वाचून असं वाटतं की पुढच्या दिवाळीत मॉलमध्ये मिळेल.

इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीचं पण हेच बघा. २८ जानेवारी २०२४ ला नोलंड आर्बॉ यांना इम्प्लांट बसवलं, ६४ धागे, त्यावर १,०२४ इलेक्ट्रोड, धागे इतके बारीक की हाताने बसवताच येत नाहीत, रोबोट शिवतो. मऊ धागे असल्याने ते मेंदूबरोबर हलतील आणि कमी इजा होईल ही कल्पना चांगलीच आहे, शिवाय वायरलेस असल्याने तो खुंटही नाही. पण काही आठवड्यांतच बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकले, कारण मेंदू त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त हलला. साधारण ८५ टक्के धागे निकामी. कंपनीने ते मे २०२४ मध्ये मान्य केलं, तेही आधी धागे सरकले एवढंच, किती ते नंतर बाहेर आलं. मग त्यांनी सॉफ्टवेअर बदललं, एकेक न्यूरॉन वेगळा ऐकायच्या ऐवजी घोळक्याचा गलका ऐकायचा असं काहीसं, आणि आर्बॉ परत पहिल्यापेक्षा चांगला कर्सर चालवू लागले. इंजिनिअरिंग म्हणून मला हे जबरदस्त वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या लेखात बुद्धिबळ आहे, व्हिडिओ गेम आहे, धागे सरकल्याचा एक शब्द नाही. वाचकाने काय समजायचं?

माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी काम मात्र यात कर्सरवाल्यांनी केलेलं नाही, ते झालं फिटवाल्यांमध्ये. आणि ते कुणीच छापत नाही कारण त्यात रोबोट नाही.

फिट येणाऱ्या पेशंटच्या घरी काय असतं ते सांगतो. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर पेनाने फुल्या. आई आत आली की पर्समधून घडी घातलेली पानं काढायची, ह्या महिन्यात चार, त्याच्या आधी दोन, आणि हमखास पुढचं वाक्य, अमावास्येच्या आसपास जास्त येतात हो. डॉक्टर त्या फुल्यांवर गोळ्या वाढवणार किंवा कमी करणार, दुसरं साधनच नाही. आता झोपेतली फिट कोण लिहिणार, शाळेतली कोण लिहिणार, आणि नुसतं दहा सेकंद टक लावून बघणं म्हणजे फिट हे अर्ध्या घरांना माहीतच नसतं. वीस-तीस मिनिटांच्या ईईजीत ते सापडेल याची काय खात्री, फिट काय अपॉइंटमेंट घेऊन येते का.

मेलबर्नमध्ये २०१० ते २०१२ च्या दरम्यान मार्क कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ जणांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर, १६ संपर्कांच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या ठेवल्या. तिथून वायर कातडीखालून मानेतून छातीत, छातीत एक डबी, डबीतून बिनतारी सिग्नल खिशातल्या छोट्या मशीनवर. न्यूरोव्हिस्टा नावाची अमेरिकन कंपनी होती मागे. खिशातल्या मशीनवर दिवे होते, लाल लागला की फिटची शक्यता जास्त, निळा म्हणजे कमी, पांढरा म्हणजे मधलं. दिवसरात्र, आंघोळ-झोप-बाजार सगळं धरून, महिनोन्‌महिने, काहींचं दोन वर्षांपर्यंत रेकॉर्डिंग. त्या आधी कुणाही माणसाच्या मेंदूचं एवढं सलग रेकॉर्डिंग माझ्या ऐकण्यात नाही. २०१३ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलं. पहिलंच जे कळलं ते म्हणजे वहीतल्या फिटा आणि खऱ्या फिटा यांचा मेळ बसत नाही, काही जणांत तर फारच फरक.

मग अमेरिकेतलं न्यूरोपेस कंपनीचं आरएनएस, ज्याला तिथल्या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २०१३ च्या नोव्हेंबरात मान्यता दिली. ते कवटीच्याच हाडात बसतं, फिट सुरू होतेय असं वाटलं की छोटा करंट सोडून थांबवायचा प्रयत्न करतं, आणि दर तासाला किती विचित्र लहरी दिसल्या त्याची मोजदाद ठेवतं. पेशंटने घरी डोक्यावरून कांडीसारखं एक यंत्र फिरवायचं, डेटा लॅपटॉपवर उतरतो, तिथून डॉक्टरकडे. अशा ३७ जणांचा, काहींचा दहा वर्षांपर्यंतचा, डेटा २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आला आणि त्यात दिसलं की मेंदूतली ही खळबळ दिवसाच्या ठराविक वेळी तर वाढतेच, पण त्याशिवाय प्रत्येकाची आणखी एक लांब लाट असते, बऱ्याच जणांत २०-३० दिवसांची, कुणाची आठवड्याची, कुणाची पंधरवड्याची, बायकांतही आणि पुरुषांतही. आणि ती लाट चढत असते तेव्हाच फिट येण्याचा धोका सगळ्यात जास्त. माणसामाणसाचं चक्र वेगळं. म्हणजे फुल्या मारणाऱ्या त्या आयांना काहीतरी लय दिसत होती ती अगदीच भास नसणार, फक्त तिचा मालक चंद्र नाही, चंद्र असता तर सगळ्यांची लाट एकाच तारखेला चढली असती. हे एका रात्रीच्या ईईजीत कधी दिसलं असतं का? महिन्याची लाट बघायला कित्येक महिने सलग बघत बसावं लागतं, आणि त्यासाठी तार आत टिकावी लागते. मी नोकरीत असताना हे कळलं असतं तर त्या पानांकडे जरा जास्त लक्ष देऊन बघितलं असतं सगळ्यांनीच.

आता कडू भाग. मेलबर्नचा प्रयोग चांगला चालला आणि न्यूरोव्हिस्टाचे पैसे संपले. २०१३ मध्ये कंपनी बंद. ज्यांच्या डोक्यात यंत्र होतं त्यांना सांगितलं, काढून घ्या. त्यातल्या एक बाई, ज्यांना लहानपणापासून फिटा यायच्या आणि त्या यंत्रामुळे आयुष्यात पहिल्यांदा बिनधास्त घराबाहेर पडत होत्या, त्यांनी नाही म्हटलं. नवराबायकोंनी यंत्र विकत घ्यायची तयारी दाखवली, घर गहाण टाकायचीही. जमलं नाही. सगळ्यात शेवटी त्यांचं काढलं. त्या यंत्राशी आपण एकरूप झालो होतो असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि यावर नीतिशास्त्रवाल्यांनी २०२३ मध्ये पेपर लिहिला, त्यात मार्क कुक पण होते, की हे मानवी हक्कांचं उल्लंघन धरायचं का. मला विचाराल तर धरायचं. छातीतला पेसमेकर चालू असताना कंपनी बुडाली म्हणून उपसून घेतला तर आपण काय म्हणू?

उलट प्रकारही झालाय. आर्गस टू नावाचं अंधांसाठीचं रेटिनाचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, इम्प्लांट, सेकंड साइट कंपनीचं, किंमत दीड लाख डॉलरच्या घरात, जगभरात ३५० हून जास्त लोकांना बसवलेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये कंपनीच जवळजवळ बुडाली, बहुतेक माणसं कामावरून काढली. इम्प्लांट डोळ्यात तसंच. कुणाचं चालू, कुणाचं चालता चालता बंद पडलं, सुटे भाग नाहीत, फोन उचलायला कोणी नाही, आणि एमआरआय करायचा तर डॉक्टर विचारतात हे आत काय आहे त्याचे कागद आणा, ते द्यायला माणूस नाही. आर्गस हे ऐकणारं यंत्र नव्हतं, ते आत करंट देणारं होतं, पण आत घातलेल्या वस्तूचा कंपनीच्या आयुष्याशी बांधलेला दोर दोन्हीकडे सारखाच.

आणि हे फक्त अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं दुखणं नाही. आमच्या ओळखीत एका मुलाला लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठीचं यंत्र, बसलं, केंद्राच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या, एडिप योजनेतून, आतला इलेक्ट्रोड कानाच्या शंखात आणि बाहेर कानामागे प्रोसेसर. पोरगं बोलायला लागलं, शाळेत जायला लागलं, सगळं छान. काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बिघडला तेव्हा कळलं की ते मॉडेल बंद झालंय, पार्ट मिळणार नाहीत, नवीन घ्या, आणि नव्याची किंमत ऐकून बाप खुर्चीतच बसला. कंपनीचं नाव घेत नाही, वितरक माणूस स्वभावाने चांगला होता, त्याच्याही हातात काही नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी मात्र हार, फोटो, स्थानिक पेपरात बातमी सगळं झालेलं. योजनेत ऑपरेशनला पैसे आहेत, दहा वर्षांनंतरच्या केबलला कोण देणार हा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारला नव्हता.

आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे नियम आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यांत संशोधन संपल्यावर सहभागी माणसाला त्याचा फायदा मिळत राहावा असं स्पष्ट म्हटलंय. कागद बरा आहे. पण उद्या आपल्याकडे मेंदूतल्या अशा इम्प्लांटच्या ट्रायल सुरू झाल्या, आणि होतील, तर संमतीपत्रावर सही घेताना पेशंटला मराठीत हे सांगणार का की पाच वर्षांनी बॅटरी संपली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, कंपनी गुंडाळली तर सुटे भाग कुठून, काढायचं की ठेवायचं हे कोण ठरवणार, आणि त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेले पैसे आहेत का. एखादा अनामत निधी सक्तीचा केला तर माझ्या मते निम्मा प्रश्न सुटेल. इथे तज्ज्ञांनी लिहावं, मी टेक्निशियन माणूस.

डेटाचं वेगळंच. वर्षानुवर्षं दिवसरात्र मेंदूचं रेकॉर्डिंग म्हणजे तुम्ही कधी झोपता, कधी औषध चुकवता, फिटचा धोका कधी चढतो हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर. इन्शुरन्सवाल्याला किंवा नोकरी देणाऱ्याला ते मिळालं तर? चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या डेटासाठी राज्यघटनेतच दुरुस्ती केली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या डेटाला वेगळा संवेदनशील असा वर्गच नाही, मोबाइल नंबर आणि मेंदू एकाच मापात.

तुमच्या लेखाचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय आणि त्यामुळे मला फोन येतात, कारण नात्यात आणि गल्लीत सगळ्यांना माहितीय की हे 'मेंदूच्या मशीनवाले'. मणक्याला मार लागून अंथरुणावर असलेल्या मुलांचे वडील विचारतात, कुठे मिळेल, किती लागतील, जमीन विकू का. त्यांना मी काय सांगतो ते इथेही लिहितो, म्हणजे छापलंत तर तेवढे फोन कमी होतील. ही अजून आपल्याकडे विकत मिळणारी गोष्ट नाही, जगभरात मोजक्या लोकांवर ट्रायल चालू आहेत, ट्रायलमध्ये घेतलं तर त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत आणि कुणी मागितले तर तो फसवतोय असं समजा, आणि यातून पाय चालू होतील असं धरून चालू नका, कर्सर चालतो, बोलणं गेलेल्याला बोलता येऊ शकतं. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार, झालेल्या एका माणसाला चार अ‍ॅरे, २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि त्याचे बोलायचे शब्द ९७ टक्के अचूक पडद्यावर आले, तेही त्याच्या जुन्या आवाजात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. तोवर फिजिओथेरपी सोडू नका, पाठीला जखमा होऊ देऊ नका, लघवीच्या नळीची स्वच्छता ठेवा. यात काही बातमी नाही, पण मणक्याची मुलं दगावतात ती पुष्कळदा याच गोष्टींनी.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख आला की लिहिणाऱ्याला चार गोष्टी विचारायला सांगा. बसवून किती महिने झाले, पहिल्या दिवशीच्या किती चॅनलवर आज सिग्नल येतोय, ट्रायल कधी संपतेय आणि संपल्यावर यंत्राचं काय होणार, आणि याआधी ज्यांना बसवलं ते आज कुठे आहेत. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापा. आणि जमलं तर ज्यांचे फोटो तुम्ही पहिल्या पानावर टाकता त्यांची वर्षातून एकदा खबर द्या, चांगली असो वाईट असो. जागेची अडचण मला कळते, पाच ओळी पुरतील, आतल्या पानावर राशिभविष्याच्या खाली टाकल्यात तरी मी शोधून वाचीन.

आपला,
एक निवृत्त ईईजी टेक्निशियन, पुणे
(नाव छापू नये, फोन आधीच पुष्कळ येतात)